पी.टी.चा तास आणि हाडांचे पासबुक



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत आठवीतली एक मुलगी मोठमोठ्याने पाठ करीत बसली होती. "अस्थिसंस्थेची कार्ये पाच. आधार देणे, संरक्षण करणे, हालचाल घडविणे, रक्तपेशी तयार करणे, क्षारांचा साठा करणे." दुसऱ्या दिवशी तिची शारीरिक शिक्षणाची चाचणी होती. पाचही मुद्दे तिला धडाधड येत होते. मी सहज विचारले, "यातलं मैदानावर काय करून दाखवलं?" ती म्हणाली, "काका, मी मैदानावर जातच नाही. आई नको म्हणते. मोठी झाले ना आता."

त्याच घरात तिची आजी तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहे. नळावर पाणी भरताना पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. नात तेरा वर्षांची, आजी सत्तरीची. एकीचे खेळणे बंद झाले आणि दुसरीचे चालणे बंद झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या घरात कुणाच्याही मनात आले नव्हते. आज आपण त्या संबंधाचाच विचार करणार आहोत.

हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात सांगाडा टांगलेला असतो. तो पाहून आपली समजूत होते की हाड म्हणजे सुकी, निर्जीव वस्तू. भुताखेतांच्या गोष्टींनी त्यात आणखी भर घातली. परंतु आपल्या अंगातले हाड जिवंत असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, पेशी असतात. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, तर काही पेशी त्या जागी नवे हाड बांधतात. गवंडी जुन्या भिंतीची एकेक वीट काढून नवी बसवतो, तसे हे काम जन्मभर चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो.

जन्मलेल्या बाळाच्या अंगात हाडांचे व कूर्चेचे मिळून सुमारे ३०० तुकडे असतात. वाढीबरोबर त्यांतले काही एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी २०६ हाडे राहतात. कवटी, कणा, बरगड्या यांचा मधला भाग ८० हाडांचा. हात, पाय, खांदे आणि कंबर यांचा भाग १२६ हाडांचा. एकेका हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७ हाडे आणि एकेका पावलात २६ हाडे आहेत. म्हणजे दोन हात आणि दोन पावले यांतच १०६ हाडे, निम्म्याहून अधिक! निसर्गाने एवढे बारीक काम जिथे केले, ते अवयव वापरण्यासाठीच दिले आहेत, हे उघड आहे.

हाड कशाचे बनते, हे घरच्या घरी पाहता येते. रविवारी कोंबडी शिजली तर तंगडीचे एक हाड धुऊन, मांस काढून, काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चार-पाच दिवसांनी काढून पाहा. ते रबरासारखे वाकेल. व्हिनेगरने हाडातले कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि मागे राहिला तो चिवट प्रथिनांचा भाग. उलट, चुलीत पुरते जळालेले हाड दाबले की चुरा होतो, कारण त्यातला चिवटपणा जळून गेलेला असतो. क्षारांमुळे हाड कणखर होते आणि प्रथिनांमुळे ते न तुटता झटका सोसते. दोन्ही हवेत. मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा. पुस्तकातली व्याख्या त्यांना पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

पाच कार्ये मैदानावर पाहा

पहिले कार्य आधाराचे. मुले रांगेत 'सावधान' उभी राहतात, तेव्हा सगळा डोलारा कण्यावर असतो. कणा बाजूने पाहिला तर सरळ काठीसारखा नसून त्याला बाक असतात. मणक्यांमध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. उडी मारून जमिनीवर आलो की या बाकांमुळे आणि गाद्यांमुळे हादरा थेट मेंदूपर्यंत जात नाही. दिवसभराच्या भाराने या गाद्या थोड्या दबतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते! केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. घरी तराजू नसेल तर किराणा दुकानात दप्तर एकदा तोलून पाहा.

दुसरे कार्य संरक्षणाचे. कवटीत मेंदू, बरगड्यांच्या पिंजऱ्यात हृदय आणि फुप्फुसे, कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर चौघे तुटून पडतात, तरी छातीतले नाजूक अवयव सुरक्षित राहतात ते बरगड्यांच्या १२ जोड्यांमुळे. त्यांतल्या १० जोड्या पुढे उरोस्थीशी थेट किंवा कूर्चेने जोडलेल्या असतात, शेवटच्या दोन मोकळ्या असतात. त्या लवचीक आहेत म्हणूनच आपल्याला श्वास घेता येतो.

तिसरे कार्य हालचालीचे. हाड स्वतः हलत नाही. स्नायू आखडतो आणि हाडाला ओढतो. हाड म्हणजे तरफ आणि सांधा म्हणजे टेकू. मान डोलावताना टेकू मध्ये असतो, ही पहिल्या प्रकारची तरफ. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहिलात तर टेकू चवड्यांशी, भार मध्ये आणि पोटरीचा जोर टाचेशी, ही दुसऱ्या प्रकारची. कोपरात हात वाकवून चेंडू फेकताना टेकू कोपराशी आणि स्नायूचा जोर त्याच्या अगदी जवळ. या तिसऱ्या प्रकारात ताकद जास्त लागते, पण हात वेगाने आणि लांब फिरतो. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, म्हणून ते चहूकडे फिरतात. कोपर आणि बोटे बिजागरीसारखी चालतात. गुडघाही मुख्यतः तसाच. मनगटात छोटी हाडे एकमेकांवर सरकतात. खेळाआधी पी.टी.चे सर मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे क्रमाने फिरवायला सांगतात, तो वेळ काढण्याचा प्रकार नव्हे. त्यामुळे सांध्यांतले वंगण पसरते आणि स्नायू गरम होतात.

चौथे कार्य रक्ताचे. हाडांच्या आतल्या लाल मगजात रक्तपेशी तयार होतात. लहान मुलांत तो जवळजवळ सर्व हाडांत असतो. मोठ्यांत मुख्यतः उरोस्थी, बरगड्या, मणके आणि कमरेची हाडे यांत असतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा कारखाना दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी काढतो. या कारखान्याला लोह हा कच्चा माल लागतो. मैदानावर दोन फेऱ्या मारल्या की जी मुलगी धापा टाकते, तिला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुले वहीत लपवतात किंवा फेकून देतात, ती त्यांना जेवणानंतर घ्यायला लावा.

पाचवे कार्य साठ्याचे. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेले थोडेसे रक्तात फिरते. त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे काम चालते. रक्तातले हे प्रमाण थोडे कमी झाले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते. हे रोजच्या रोज चालते, पण आपल्याला काहीच जाणवत नाही. हाड दुखत नाही, सुजत नाही. खाते रिकामे झाल्याचे एके दिवशी पाय घसरल्यावरच कळते.

हाड भाराला उत्तर देते

पाठ करताना सहसा राहून जातो तो मुद्दा असा. हाड ज्या दिशेने भार पडेल त्या दिशेने मजबूत होत जाते आणि भार पडेनासा झाला की झिजते. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली हा नियम मांडला. टेनिस खेळाडूंचा रॅकेट धरण्याचा हात तपासला, तर त्याचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. माणूस तोच, आहार तोच, फरक फक्त वापराचा. याच्या उलट अवस्था अंतराळवीरांची. तिथे वजन जाणवत नाही, त्यामुळे भार पेलणारी हाडे दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजू शकतात. सुनीता विल्यम्स २०२४-२५ मध्ये नऊ महिने अंतराळ स्थानकात राहिल्या, हे आपण बातम्यांत पाहिले. त्या स्थानकात अंतराळवीरांना दररोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, तो हौसेखातर नव्हे.

मी कारकून माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. हाडे म्हणजे पासबुक आहे. भरणा करण्याची मुदत ठरलेली आहे. मुलींच्या हाडांत सर्वांत जास्त भर पडते ती साधारण साडेबाराव्या वर्षी, मुलांच्या साधारण चौदाव्या वर्षी. प्रौढपणी असणाऱ्या हाडांच्या एकूण भरण्यापैकी सुमारे चौथा हिस्सा या वयाच्या आसपासच्या दोन वर्षांत जमा होतो. अठरा-वीस वर्षांपर्यंत सुमारे ९० टक्के भरणा झालेला असतो. तिशीनंतर हळूहळू खर्चाची बाजू वाढते. स्त्रियांची पाळी थांबली की पुढच्या पाच-सात वर्षांत हा खर्च एकदम वाढतो. काहींच्या हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा त्या काळात जातो.

आता आपल्या घरांतला रिवाज पाहा. मुलीला पाळी आली की तिचे खेळणे थांबते. वय काय असते? बारा-तेरा. म्हणजे ज्या दोन वर्षांत खात्यावर सर्वाधिक भरणा व्हायचा, नेमकी तीच दोन वर्षे आपण खिडकी बंद करतो! मुलगा मात्र त्याच वेळी संध्याकाळभर मैदानात असतो. पाळीत धावू नये, उडी मारू नये, या समजुतीला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. तब्येत ठीक असेल, मुलीची इच्छा असेल, तर त्या दिवसांतही खेळायला हरकत नाही. पोटात दुखत असेल तर तिने विश्रांती घ्यावी. हे तिचे तिने ठरवावे.

"मग सासूबाईंचं काय?"

हे सारे मी त्या मुलीच्या आईला सांगितले. त्या माउलीने जो प्रश्न केला तो मोलाचा आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या सासूने उभा जन्म डोक्यावर विटा वाहिल्या. तिच्याइतका भार कुणी पेलला? मग तिचं हाड का मोडलं?"

प्रश्न बरोबर आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. भार हा भरणा करा म्हणून दिलेला हुकूम आहे. पण भरायला पैसा तर हवा! त्या माउलीच्या ताटात उरलेली भाकर आणि कोरा चहा. कॅल्शियम नाही, पुरेशी प्रथिने नाहीत. त्यात बाळंतपणे. नंतर पाळी थांबली आणि खर्च वाढला, तेव्हा तपासणी करा असे कुणी सांगितले नाही. शिवाय कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. तोच बोजा, तीच मान, तोच कणा, रोज दहा तास आणि विश्रांती नाही, यात सांधे आणि मणके झिजतात. व्यायामात भार बेताचा असतो, सर्व बाजूंनी असतो आणि मध्ये विश्रांती असते. आपल्या आयाबायांनी कष्ट कमी केले नाहीत. त्यांना अन्न आणि विश्रांती कमी मिळाली. म्हणून नातीला मैदान आणि ताट, दोन्ही द्यायचे आहे.

ताटात काय असावे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध परवडत असेल तर उत्तम. पेलाभर दुधात साधारण अडीचशे मिलिग्रॅम मिळते. पण दूध नाही म्हणून हात टेकायचे कारण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे नाचणीची एक भाकरी सुमारे दोनशेचा भरणा करते. दोन चमचे तीळ शंभरच्या वर देतात. राजगिरा, शेवग्याचा पाला, ताक, आणि काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे व सुकट हेही चांगले. नाचणी, पाला, सुकट हे आपल्या घरातले जुने जिन्नस. 'गरिबाचे खाणे' म्हणून आपण ते सोडले आणि पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी घरात आणली.

दुसरी गोष्ट ऊन. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या खोल्यांत ऊन येत नाही, मुली दिवसभर आत असतात. मैदानावरचा अर्धा तास उन्हाचाही असतो, हे लक्षात घ्यावे.

आता करायचे काय?

१. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी सरासरी रोज ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात हाडे व स्नायू मजबूत करणारे प्रकार असावेत. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी, धावणे हे सारे त्यात बसते. लंगडी खेळताना पाय आलटून-पालटून घ्यावा. दोरी असली की झाले, खर्च नाही.

२. सायकल आणि पोहणे हृदयासाठी चांगले, पण त्यांत हाडांवर शरीराचा भार कमी पडतो. म्हणून जोडीला उड्या किंवा धावणे हवेच.

३. तिशी-चाळिशीतल्या भगिनींनी झपाट्याने चालावे, जिने चढावेत, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. वयस्कांनी भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. तोल सावरला तर पडणे टळते. न्हाणीत शेवाळ साचू देऊ नये, रात्री तिथे दिवा ठेवावा. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी, आणि किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्यांनी, हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

४. खेळताना हाड मोडल्याची शंका आली तर तो भाग चोळू नये, ओढू नये, तेल लावून मालीश करू नये. आहे त्या स्थितीत वर्तमानपत्राची जाड घडी किंवा फळी लावून सैलसर बांधावे आणि दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढावा. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. तिथली मोडतोड अंगावर काढली तर हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते. 'नजर लागली' म्हणून उतारा करण्यात वेळ घालवू नये.

५. शाळेत पी.टी.चा तास होतो का, हे पालकसभेत विचारा. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड या तासावर पडते आणि तो गणिताला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य, असे स्पष्ट म्हटले आहे. मैदान ही शाळेची मेहेरबानी नव्हे. आणि तास होत असेल, तर त्यात मुली कडेला बसून असतात की खेळतात, हेही विचारा.

त्या मुलीचे काय झाले? आई एकदम राजी झाली नाही. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न तिलाही आहेच. शेवटी आजीने निकाल दिला. अंथरुणातूनच ती सुनेला म्हणाली, "जाऊ दे पोरीला. माझ्यासारखं पडून राहायला नको तिला." आता संध्याकाळी शाळेच्या कपड्यांवर ओढणी बांधून ती आणि आणखी तिघी अभ्यासिकेसमोरच्या मोकळ्या जागेत दोरीवरच्या उड्या मारतात. शंभर झाल्या की अभ्यासाला बसतात. आजी दाराशी खाटेवर पडल्या पडल्या आकडे मोजते. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते.

आपल्या वस्तीत, आपल्या घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल, तर या आठवड्यात तिला एक दोरी आणून द्या. तिच्या पासबुकात भरणा करण्याचे दिवस थोडेच आहेत.